बिनखाड्याचे शंभर दिवस

माडीवरच्या खोलीला तीन खिडक्या होत्या, एक मोरी होती आणि रस्त्याच्या बाजूनं स्वतंत्र जिना होता. शंभर दिवस रोज एक रांगोळी फेसबुकवर टाकली की हे सगळं आसावरीला मिळणार होतं, शिवाय जिन्याखाली तिच्या नावाची पाटी. एक दिवस जरी चुकला तर तीच खोली माझ्याकडे, म्हणजे माझ्या सानिकाच्या दहावीच्या अभ्यासाला येणार होती. थोडक्यात, तिनं शंभर दिवस खपायचं आणि मी नुसतं बसून राहायचं. इतका सोपा सौदा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

आसावरी माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मधले सहा दिवस हिनं काय करायचं, हा प्रश्न ती दर सहा महिन्यांनी नव्यानं सोडवायची.

सौदा ठरला तो नाश्त्याच्या वेळी. आबा, म्हणजे आमचे सासरे, पोह्यांवर लिंबू पिळत होते. बत्तीस वर्षं शिक्षक, त्यातली शेवटची अकरा हेडमास्तर. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी घरात कोण आहे आणि कोण नाही याची चौकशी केल्याशिवाय चहाचा कप उचलायचे नाहीत.

"खोली कशाला पाहिजे म्हणालीस?"

"क्लास काढायचाय, आबा. रांगोळीचा."

"मागं शिवणाचा काढणार होतीस."

"ते मशीन बिघडलं ना."

"आणि केकचा?"

आसावरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ओव्हन आहे की अजून. चहाचे जादा कप त्यातच ठेवतो आपण."

आबा हसले नाहीत. "तुझ्या हातात कला आहे, ते मला दिसतं. पण पोरं क्लासला येतात ती मास्तर रोज येतो म्हणून. फोनवर रांगोळ्या टाकतेस ना? चार दिवस टाकतेस आणि पंधरा दिवस पत्ता नसतो. आता शंभर दिवस टाक. एकही खाडा नको. किती लोकांना आवडली ते मला सांगू नकोस. तू हजर होतीस का, एवढंच मी बघणार."

"आणि खाडा झाला तर?" हे मी विचारलं. असले प्रश्न घरात मीच विचारायची.

"तर खोली सानिकाला."

"सासऱ्यानं सुनेची परीक्षा घ्यायची, ही कुठली रीत?" आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याच म्हणायचो.

"रीत नाही ती, शिस्त आहे," आबा म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

मी मनात वीस दिवस धरले. फार तर बावीस.

आसावरी रोज पाचला उठायला लागली. दार झाडायचं, सडा टाकायचा, गेरूनं चौकोन सारवायचा, तो वाळेपर्यंत रांगोळीत रंग मिसळून चाळायचे. सहापर्यंत रांगोळी, मग स्टुलावर चढून फोटो, आणि सव्वासहाला पोस्ट. वेळ तिनं आबांच्या चहाला जुळवून घेतली होती. आबा चष्मा लावायचे, फोन हातभर लांब धरायचे, रांगोळी बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हजर!" मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल टिक.

चौथ्या दिवशी लाईट नव्हती. तिनं शेजारच्यांच्या गाडीच्या दिव्यात रांगोळी काढली. अकराव्या दिवशी हात भाजला होता, तेव्हा डाव्या हातानं ठिपक्यांची काढली. ठिपके हलले होते. आबा म्हणाले, "अक्षर बिघडलंय, पण हजर."

सतराव्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"ताई, संपलं सगळं."

"काय झालं?"

"उद्यापासून मी बाहेरची."

आत्याबाई जुन्या असल्या तरी आडमुठ्या नव्हत्या. त्या चार दिवसांत स्वयंपाकघर आम्हाला मोकळं होतं, पाण्याला शिवायला हरकत नव्हती. फक्त देवघर आणि उंबरा या दोन ठिकाणी त्या कोणाचं काही चालू द्यायच्या नाहीत, हे आम्हीही मान्य केलेलं. उंबऱ्यावर रांगोळी नाही म्हणजे अठराव्या दिवशी खाडा. खोली चालत माझ्याकडे येत होती.

आणि इथं मी माझंच नुकसान केलं. मला तिची दया आली असं सांगायला आवडलं असतं. खरं कारण वेगळं आहे. मी ग्राहक भांडारात मालाची नोंद ठेवायची. गोदामात शिल्लक न ठेवता रोजच्या रोज माल मागवणारं माणूस दिसलं की मला राहवायचं नाही.

"पापड तू रोज लाटतेस का?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात एकदाच करून वर्षभर खातो ना आपण? तसं कर. गच्चीवर जा. गच्चीला कुठं उंबरा आहे? तिथं गेरू सार, एक काढ, फोटो घे, पूस, दुसरी काढ. आज बसून पाच काढ."

"आणि टाकायच्या कशा? सव्वासहाला रोज..."

"वेळ लावून ठेवता येते. इकडं आण फोन."

भांडाराच्या पेजवर सणासुदीच्या जाहिराती मीच आठ-आठ दिवस आधी लावून ठेवायची. तारीख घालायची, वेळ घालायची, की त्या मिनिटाला पोस्ट आपोआप पडते. नको असेल तर काढता कशी येते, तेही मी तिला दाखवलं. गच्चीच्या कठड्याला टेकून अर्धा तास शिकवलं. तिनं माझा हात धरून डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "नाटकं पुरेत, रंग चाळ."

संध्याकाळी तिनं आबांना भीत भीत विचारलं, "आधी काढून ठेवलेल्या चालतील ना?"

"मास्तर उद्याचा धडा आज वाचून ठेवतो," आबा म्हणाले. "त्याला कोणी चोरी म्हणत नाही."

मग गाडी रुळावर आली. पन्नास झाले, साठ झाले. पेजवर आठ हजार माणसं जमली, भाजीवाली तिला नावानं ओळखायला लागली. कोणत्या वारी कोणती रांगोळी हे ठरून गेलं. सोमवारी ठिपक्यांची, मंगळवारी गणपती, शुक्रवारी पक्षी. शिवणाचं मशीन आणि केकचा ओव्हन यांच्यानंतर ही तिसरी वस्तू धूळ खाणार, हा माझा अंदाज साफ चुकला. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. सानिका हॉलमध्ये टीव्हीच्या आवाजात भूमितीचे सिद्धांत पाठ करायची, तेव्हा तर फारच.

शेवटच्या टप्प्यात आसावरीच्या भावाचं लग्न आलं. एकुलता एक भाऊ, माहेर गडहिंग्लजला. हळद, लग्न, पूजा, पाहुणेरावळे धरून बारा दिवस जायचं होतं, एकोणनव्वदाव्या दिवसापासून. तिनं दोन दिवस गच्चीवर बसून बारा रांगोळ्या काढल्या. शंभरपर्यंतचा साठा पुरा. मी चाळणी धरली होती. फोटोखाली लिहायला ओळी सुचेनात तेव्हा त्याही मी सुचवल्या.

"आनंदाचं काहीतरी लिही. सकाळी सकाळी रडकं वाचायला कोणाला आवडतं?"

तिनं बाराही पोस्टींना तारखा लावल्या आणि बॅग भरायला घेतली.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी आबांनी "हजर" म्हटलं, टिक केली, चहा घेतला आणि आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दार फोडलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अर्ध्या तासात अंगण माणसांनी भरलं. कोणीतरी म्हणालं, दारातलं पुसा. मी ओलं फडकं घेऊन सकाळची रांगोळी पुसली. आसावरी जिन्याच्या पायरीवर बसली होती. आबांच्या दोन्ही मुलांपेक्षा तीच जास्त रडत होती. तिचा फोन सारखा वाजत होता, तो तिनं माझ्या हातात दिला.

"ताई, तुमच्याकडेच ठेवा. मला नाही बोलवत कोणाशी. गडहिंग्लजलाही तुम्हीच सांगा, मी येत नाही म्हणून."

तो फोन माझ्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच स्वयंपाकघरात होते. मुक्कामाला राहिलेल्या माणसांसाठी चहा टाकला होता. सव्वासहाला ओट्यावर फोन थरथरला, मग थांबेचना. मी उघडून बघितलं. गुलाबी-पिवळी फुलपाखरं, आणि खाली ओळ: "दिवस एकोणनव्वद. आज मन फुलपाखरू झालंय!"

ती ओळ मीच सुचवलेली होती.

काढून टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. पुढच्या अकरा थांबवायला आणखी दोन-तीन मिनिटं. चहा उकळेपर्यंत झालं असतं. मी चहाकडे बघत उभी राहिले आणि मनात मांडत गेले. मी थांबवलं, तर खाडा. पण तो माझ्या हातानं झालेला खाडा. उद्या आसावरी विचारणार, ताई, तुम्ही का बंद केलंत? आणि सगळे म्हणणार, खोलीसाठी. मी काहीच केलं नाही, तर भावकीतलं कोणी ना कोणी बघणार. घरात सुतक आणि हिची फुलपाखरं! मग आपोआप सगळं बंद होणार, क्लासचं नाव कोणी काढणार नाही, आणि माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

मी फोनचा आवाज बंद केला आणि तो तांदळाच्या डब्यामागे सरकवला. चहात साखर जास्त पडली. कोणी तक्रार केली नाही.

तिसरा दिवस राख सावडायचा. नदीवरून पुरुष माणसं परत आली, पायावर पाणी घेऊन हॉलमध्ये टेकली. बायका भिंतीकडेनं होत्या. आप्पा मात्र बसले नाहीत. आप्पा म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, चार गल्ल्या सोडून राहायचे, एसटीत मेकॅनिक होते. आत्याबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा आप्पा सात वर्षांचे, आईविना पोर. त्यांची वेणीफणी सोडून सगळं आत्याबाईंनी केलेलं, असं आबाच गमतीनं सांगायचे.

आप्पांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या सुनेनं दाखवलं होतं.

"धाकटे, पुढं ये. ह्यो काय प्रकार?"

आसावरी उठून उभी राहिली.

आप्पांनी फोन सगळ्यांना दिसेल असा फिरवला. हिरवानिळा मोर होता, पिसारा फुलवलेला. "वाचून दाखवू? 'दिवस नव्वद. आज दारी आनंद नाचतोय.' सकाळी सव्वासहाला टाकलाय. आम्ही नदीवर निघायच्या तयारीत, आणि आमच्या दादाच्या दारात आनंद नाचतोय! कालची तर फुलपाखरं हाईत."

"मी नाही टाकली, आप्पा," आसावरी म्हणाली. "आधीच टाकून ठेवली होती."

"आधीच? म्हणजे दादा जाणार हे तुला आधीच ठावं होतं?"

कोपऱ्यातून कोणाला तरी हसू आलं, त्याचा त्यानं खोकला केला.

"तसं नाही हो. वेळ लावून ठेवली की ती आपोआप पडते."

"आपोआप पाऊस पडतो, पोरी. रांगोळी काढावी लागती."

"मी काढली होती. गेल्या आठवड्यात. लग्नाला जायचं होतं म्हणून."

"बरं, काढलीस. मग माणूस गेल्यावर बंद का नाही केलीस?"

"फोन माझ्याकडे नव्हता." तिनं माझ्याकडे पाहिलं. तक्रार म्हणून नाही, आता ताई समजावून सांगतील अशा भरवशानं. "ताईंकडे होता."

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. माझा नवरा, दीर, आप्पा, त्यांची सून, गावाकडून आलेल्या चार-पाच बायका.

"मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं.

आसावरीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. गच्चीच्या कठड्याला टेकून अर्धा तास कोणी शिकवलं, हे तिनं तिथं म्हटलं असतं तर मी संपले असते. पण भावकीच्या देखत थोरल्या जावेला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं असावं. ती खाली बघायला लागली. तेवढ्यानं निकाल लागल्यासारखा झाला.

"काढून टाका ते सगळं," आप्पा माझ्या दिराला म्हणाले. "आणि तो क्लास-बिस आता घरात नको."

"आप्पा, थांब."

आत्याबाई इतका वेळ भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होत्या. त्यांनी डोळे उघडले.

"थोरलीला बोलू नकोस आणि धाकटीलाही बोलू नकोस. मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं, वहिनी?"

"काल सकाळी थोरलीनं मला विचारलं, हे फोनातलं बंद करू का म्हणून. मी म्हटलं, हात लावू नकोस. आता माझी भीड ठेवून ती तुला कळत नाही म्हणतीये."

मी दाराची चौकट धरली.

"वहिनी, तुम्ही?" आप्पांना ते खरंच वाटेना. "दादाच्या सुतकात?"

"तुझ्या दादानं तिला शंभर सांगितले होते. अठ्ठ्याऐंशी त्यांनी मोजले. बाकीचे बारा मी मोजीन."

"सुतकात रांगोळी?"

"दारात जाऊन बघून ये. आहे का? फडकं मारून पुसलीये. सुतक दाराला असतं, ते मी पाळतीये. फोनाला कुठलं आलंय सुतक?"

"लोक तोंडात शेण घालतील."

"माझ्या घालतील ना? घालू देत."

आप्पांनी चपला पायात सरकवल्या. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा उठला, सून उठली. गावाकडच्या बायकांनीही पिशव्या आवरल्या.

दुपारी स्वयंपाकघरात मी तांदूळ निवडायला बसले होते. आत्याबाई आल्या, पाट ओढून समोर बसल्या आणि माझ्या सुपातले खडे वेचायला लागल्या.

"तुम्ही मला कुठं सांगितलं होतं?" मी शेवटी विचारलं.

"आता सांगितलं ना. सगळ्यांच्या पुढं."

"आत्या, मी..."

"तुला येतं ते बंद करायला. गच्चीवर तिला शिकवत होतीस तेव्हा मी जिन्याखाली बसले होते. 'नको असेल तर अशी काढायची,' असं तूच म्हणत होतीस." त्यांनी एक खडा बाजूला ठेवला. "आणि काल सकाळपासून डब्यामागं उजेड होत होता, तो मला दिसत होता."

मी मान वर केली नाही. "मग तुम्ही कालच का नाही बोललात?"

"वाट बघितली. म्हटलं, काढशील." सूप त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं. "आज खरं बोलले असते तर तू ह्या घरात वावरली असतीस कशी? दोघींना एकाच घरात राहायचंय. मी किती दिवसांची?"

"खोलीसाठी नव्हतं, आत्या. म्हणजे..."

"बोलू नकोस. तू बोललीस की मला ऐकावं लागेल."

त्या उठल्या आणि आसावरीला हाक मारली. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"अजून किती राहिल्यात गं?"

"दहा. आत्या, मी काढून टाकते सगळ्या. मला नको ती खोली."

"तुला नको असेल. त्यांनी बोललेलं मोडायचं मला नाही जमणार. रांगोळ्या राहू देत. तेवढ्या त्या आनंदाच्या ओळी पूस, नुसता आकडा ठेव. येतं का तुला?"

"येतं."

"थोरलीला विचार. तिला चांगलं येतं."

मी आसावरीशेजारी बसून दहा ओळी पुसल्या.

एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. रोज सव्वासहाला एक रांगोळी पडत गेली. खाली नुसता आकडा. गडहिंग्लजला लग्न झालं, त्याचे फोटो आसावरीनं फोनवरच बघितले. तेराव्याला शंभरावी पडली. त्या दिवशी आप्पा आले, विधी संपेपर्यंत पाठीमागे उभे राहिले, भावाच्या फोटोला फूल वाहिलं. पंगत बसायला लागली तेव्हा ते फाटकाकडे चालले होते. आत्याबाई त्यांच्यामागे गेल्या. तेरा दिवसांत त्या पहिल्यांदाच अंगणात उतरल्या होत्या. मी पाण्याचे तांबे भरत होते, तिथून ऐकू येत होतं.

"आप्पा, दोन घास खाऊन जा. त्यांच्या नावाचं आहे."

"वहिनी, दुसरं कोणी असतं तर मी भांडलो असतो, विसरलो असतो. तुमच्याशी भांडायचं कसं तेच मला येत नाही." त्यांनी फाटकाची कडी काढली. "दादाच्या सुतकात मोर नाचवलात तुम्ही. खावंसं वाटत नाही मला."

आत्याबाई कडी लावून परत आल्या. त्या दिवशी पहिल्या पंगतीला भावकीतली निम्मी पानं रिकामी होती.

खोलीची किल्ली त्यांनी आसावरीला दिली. महिन्याभरानं क्लास सुरू झाला, सात मुली आणि एक रिटायर पोस्टमास्तर. उद्घाटनाचा नारळ मीच फोडायचा, असा आसावरीनं हट्ट धरला. सगळे खाली गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"ताई, एक सांगू? त्या दिवशी मला क्षणभर तुमचा फार राग आला होता."

"कशाचा?"

"म्हटलं, ताईंना तर सगळं येतं, मग कळत नाही असं का म्हणाल्या? आत्या बोलल्या तेव्हा उलगडा झाला. तुम्ही त्यांचा शब्द पाळत होतात आणि मी काय काय मनात आणलं. मला माफ करा."

"बरं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी तिनं पेजवर माझा नारळ फोडतानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ताई नसत्या तर शंभर झाले नसते. लोकांनी माझं भरभरून कौतुक केलं. भांडारातल्या साहेबांनी माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं, जाऊ असावी तर अशी. सानिकानं हॉलमध्येच अभ्यास केला आणि तिला चांगले मार्क पडले.

आप्पांचं घर चार गल्ल्या सोडून. चालत सात मिनिटं. तिथं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं: आत्यांनी काही सांगितलं नव्हतं, फोन मीच लपवला होता. मी पहिल्या वर्षी दोनदा निघाले. एकदा दुसऱ्या गल्लीपर्यंत गेले आणि कोथिंबीर घेऊन परत आले. पुढं पुढं वाटायला लागलं की आता फार दिवस झाले, आता बोलून काय उपयोग. हाही एक हिशेबच होता, आणि नेहमीसारखा माझ्याच बाजूनं लागत होता.

सहा वर्षं आप्पा आमच्या घरी आले नाहीत. रस्त्यात भेटले तर आत्याबाईंना वाकून नमस्कार करायचे आणि पुढं जायचे. त्यांच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण आम्हा दोघी सुनांना आलं. आत्याबाईंना आलं नाही. झबलं मात्र त्यांनी शिवून दिलं. "कोणी दिलं म्हणून सांगू नका," म्हणाल्या. त्यांनी माझ्यापुढं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. टोमणासुद्धा मारला नाही, आणि सुनेला टोमणे मारायला त्यांना चांगलं यायचं.

आत्याबाई गेल्या तेव्हा मात्र आप्पा आले. साठी उलटली होती, हातात काठी होती. तिरडीशी गुडघे टेकून लहान पोरासारखे रडले. सगळं आटोपल्यावर मी त्यांना पाणी नेऊन दिलं. भांडं रिकामं करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"थोरले, तू शहाणी. त्या वेळी तू तरी वहिनीला अडवायचंस. तुझं ऐकलं असतं तिनं."

आसावरी शेजारीच उभी होती. बोलायला तेवढी जागा बास होती.

"हो, आप्पा," मी म्हटलं. "अडवायला हवं होतं."

तर झालं ते असं. आसावरीला खोली मिळाली, आज तिच्याकडे साठ मुली शिकतात. मला कौतुक मिळालं, ते अजून मिळतं. आप्पांच्या वाट्याला सहा वर्षांचा राग आला, तोही चुकीच्या माणसावरचा. आणि त्या खोलीत आत्याबाईंना काहीच नको होतं. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता यायचा नाही. क्लास कसा दिसतो, हे त्यांनी कधी बघितलंसुद्धा नाही. भरलं सगळं त्यांनी.